ओसरीवरचं दफ्तर

'दफ्तर' हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी नांदतो: शाळेत जाणाऱ्या पोराच्या पाठीवर आणि सरकारी कपाटात. फारसीतून आला तेव्हा त्याचा अर्थ नोंदींची वही असा होता. वह्यांचा गठ्ठा झाला, तोही दफ्तर. गठ्ठा ठेवायला खोली लागली, तीही दफ्तर. पण मुळात ही उचलून न्यायचीच वस्तू.

माझं दफ्तर साडेसहा इंचांचं आहे. लाखनी तालुक्यात मी महिला बचत गटांचे हिशेब लिहिते. गटांच्या नोंदी, बँकेचे निरोप, बैठकांचे फोटो, कर्जाचे हप्ते, सगळं फोनमध्ये. एसटीच्या थांब्यावर बसले की कचेरी उघडली, बस आली की बंद केली.

याआधी आमच्या ओसरीवर एक दफ्तर होतं. बाबा गावच्या शाखा डाकघराचे पोस्टमास्तर. खेड्यातलं शाखा डाकघर बहुतेक पोस्टमास्तरच्या घरातच भरतं. एक टेबल, एक लोखंडी पेटी, बाहेर भिंतीला लाल डबा. बाबांच्या शेवटच्या वर्षांत त्यांनाही यंत्र मिळालं. डाक खात्यानं 2017 च्या अखेरीस 'दर्पण' योजना आणली आणि टेबलावरचा बराचसा पसारा हातात मावणाऱ्या एका डबीत गेला.

त्या ओसरीवरच्या, आणि गावातल्या इतर लहानमोठ्या कचेऱ्यांतल्या, ज्या वस्तू अशा फोनमध्ये शिरल्या त्यांची ही यादी. काही अजून कपाटावर पडून आहेत. पण कामाला कुणी काढत नाही.

बस्ता

लाल कापडाचा चौकोन, मळून विटकरी झालेला. चार टोकं, दोन गाठी. आत गावच्या जमिनीचे नमुने, एक ते एकवीस. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये तीत काय पेरलं, सहामध्ये फेरफार, आठ-अ मध्ये एका खातेदाराची सगळी जमीन एका जागी. सात आणि बारा एका कागदावर आले म्हणून सातबारा.

आमचा जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. त्यामुळे बस्त्याच्या तळाशी त्या राजवटीचे कागदही असत: 1954-55 चे अधिकार अभिलेख, आणि निस्तारपत्रक. गावानं गुरं कुठं चारायची, जळण कुठून आणायचं, मुर्दा कुठं न्यायचा, हे निस्तारपत्रकात लिहिलेलं. एकट्या माणसाचं नाव नसलेला, सगळ्या गावाच्या हक्काचा कागद.

बस्ता सांभाळायचा तो पटवारी. सरकारदरबारी त्याचा तलाठी झाला, 2024 मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाला. गावात तो अजून पटवारीच आहे.

राज्यात 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. 15 रुपये भरले की फोनवर उतरतो, रात्री अकरालाही. एका उताऱ्यासाठी रोजी पाडून तीन खेपा घातलेल्या माणसाला याचं मोल कुणी समजवायला नको. बस्ता मात्र उघडायचा तो चारचौघांत. एकाचं पान शोधताना दुसऱ्याचं दिसे, आणि शेजारी बसलेला म्हातारा म्हणे, "हे नाव कसं काय चढलं जी? याचा बाप तर चार भावांतला होता."

डफडं

कोतवालाच्या खांद्याला अडकवलेलं. गावात तीन-चार ठरलेल्या जागी थांबून तो निरोप सांगे: पटवारी कोणत्या दिवशी येणार, सारा कधी भरायचा, तलावाचं पाणी कधी सोडणार. वाचता न येणाऱ्याला निरोप कळे, आणि घरात निजलेल्यालाही.

आता ग्रामपंचायतीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. निरोप क्षणात जातो, सुरतेला कामावर गेलेल्या पोरालाही पोचतो. फोन घरातल्या ज्याच्या खिशात असेल त्याच्याच मर्जीवर मग तो निरोप चुलीपर्यंत जातो किंवा जात नाही.

चावडी वाचन

ही वस्तू नाही, पण यादीत हवी. गावच्या नोंदी चावडीत मोठ्यानं वाचायच्या. ज्याचं नाव आलं त्यानं हो म्हणायचं, ज्याची हरकत असेल त्यानं तिथंच बोलायचं. सातबारे संगणकावर चढवल्यावर चुका शोधायला 2017 मध्ये राज्यभर हे वाचन पुन्हा घेतलं गेलं. यंत्रात गेलेली अक्षरं बरोबर आहेत का हे ठरवायला शेवटी गावाचे कान लागले.

फेरफाराची नोटीस आजही 15 दिवस लागते. फलकासमोर उभं राहून ती वाचणारे कमी झाले.

तारखेचा शिक्का

लाकडी मूठ, लोखंडी तोंड. गोलात गावाचं नाव, मधे तारीख. दिवस, महिना, वर्ष यांचे धातूचे बारीक खिळे असत, बोटाच्या पेराहून लहान. रोज सकाळी बाबा चिमट्यानं कालचा खिळा काढत, आजचा बसवत, स्क्रू आवळत. पहिला ठसा पत्रावर कधीच नाही. त्यासाठी वेगळी वही होती. तीत ठसा उमटवायचा, अक्षरं नीट आली का बघायचं, मग कामाला लागायचं.

वर्षाचा खिळा बदलायचा मान माझा. 1 जानेवारीला मी अंघोळ करून ओसरीवर बसे. एकदा आकडा उलटा बसला आणि वहीत तसाच उमटला. बाबांनी वही फाडली नाही, खोडलं नाही. खाली लिहिलं, "खिळा उलटा बसला, दुरुस्त केला," आणि सही केली. चूकसुद्धा नोंदीतच राहते, हे मी तिथं शिकले.

फोन तारीख स्वतःच टाकतो, सेकंदापर्यंत. ती कुणी बसवावी लागत नाही, म्हणून कुणी तपासतही नाही.

लाख

तपकिरी कांडी. मेणबत्तीवर धरायची, थेंब थैलीच्या गाठीवर पाडायचा, गरम असतानाच पितळी मुद्रा दाबायची. ओसरीभर जळका वास.

लहानपणी मला वाटे, लाखेमुळे थैली कुणाला उघडता येत नाही. बाबा म्हणाले, "उघडता येते. पण उघडली हे लपवता येत नाही." लाखेचं काम एवढंच.

डिजिटल सही नेमकं हेच करते. संगणक कागदावरच्या सगळ्या मजकुराचा मिळून एक आकडा काढतो आणि अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीनं तो बांधून टाकतो. कागद तपासणारं यंत्र पुन्हा आकडा काढून बघतं. मधे कुणी एक अक्षर, एक टिंब बदललं असेल तर आकडा जुळत नाही. लाख फुटली हे कळतं. या यादीत अर्थासकट फोनमध्ये गेलेल्या वस्तू थोड्या. लाख त्यांतली एक.

मनीऑर्डरचा फॉर्म

आपल्या डाक खात्यात 1880 पासून चाललेला. खाली एक चिटोरा, त्यावर चार ओळी लिहायची जागा. पैसे दिल्यावर पोस्टमन तो चिटोरा फाडून घेणाऱ्याच्या हातात देई.

आमच्याकडून पुष्कळ माणसं नागपूरला गेली. कुणी एम्प्रेस मिलमध्ये, कुणी बांधकामावर. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या ओसरीवर बायका येऊन बसत. बाबा नोटा दोनदा मोजत, एकदा स्वतःसाठी, एकदा तिच्यासमोर. चिटोरा वाचायचं काम माझं. "रोवणीला पैसे कमी पडले तर सावकाराकडे जाऊ नको, मी बघतो." "पोरीचं नाव शाळेत टाक." चार ओळींत नवरा, बाप, भाऊ सगळे मावत. एक बाई चिटोरा तीनदा वाचून घेई आणि मग चोळीत ठेवी. पैसे ती पदराला बांधे.

कागदी मनीऑर्डर 2015 मध्ये संपली. पुढच्याच वर्षी यूपीआय आलं. आता पैसे डोळ्याचं पातं लवण्याआत येतात, कमिशन लागत नाही, पावसात पूल बुडाला तरी अडत नाहीत. आईच्या दवाखान्यासाठी मध्यरात्री पैसे आलेले मी पाहिले आहेत, आणि त्या रात्री या फोनला मी हात जोडले. निरोप लिहायची जागा यूपीआयमध्येही आहे. बहुतेक वेळा ती रिकामी येते.

तारेचा कागद

14 जुलै 2013 हा शेवटचा दिवस. गावात तार म्हणजे कुणीतरी गेलं. उघडण्याआधीच रडं फुटे. या कागदाची आठवण कुणी प्रेमानं काढलेली मी ऐकली नाही.

एसटीडी बूथचा मीटर

काचेच्या खोपटातले लाल आकडे. रात्री दर उतरले की साकोलीच्या बूथवर रांग लागे. आकडे पळत, तशी माणसं भराभर बोलत आणि नेमकं तेवढंच बोलत.

कार्बन

कोरसचा निळा-काळा कागद, एका डबीत शंभर. पातळ इतका की श्वासानं उडे. तोच तोच वापरून त्यावर अक्षरांचे पांढरे ओरखडे पडत आणि उजेडासमोर धरला की मागच्या महिनाभराच्या पावत्या एकावर एक दिसत.

धान काट्यावर चढला की सेवा सहकारी संस्थेचा माणूस पावतीपुस्तक उघडे. वरचा कागद, कार्बन, खालचा कागद. पेन दाबून चालवावं लागे. बोटाच्या मधल्या पेराला घट्टा पडे. पोती किती, वजन किती, ओलावा किती, सही. एक प्रत संस्थेची, एक कास्तकाराची. दोन्ही एका हातानं, एका दमात, एकाच दाबानं लिहिलेल्या. संस्थेकडच्या आकड्याहून वेगळा आकडा कास्तकाराकडे असूच शकत नसे. पुढं भांडण झालं तर दोन कागद टेबलावर शेजारी ठेवायचे, बस.

आज धान विकायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी, मग खरेदी केंद्र, मग चुकारा थेट बँकेच्या खात्यात. मधले हात कमी झाले, हे कास्तकाराच्या फायद्याचंच. पण त्याची प्रत म्हणजे आता फोनवर आलेला एक मेसेज. जागा भरली म्हणून नातू मेसेज पुसतो, आणि त्याच्याबरोबर आजोबांची पावती जाते. माझ्या गटातल्या बायकांना मी दर हंगामात एकच सांगते: मेसेज आला की वहीत उतरवा. कार्बन गेला, तर हातानं प्रत काढा.

अर्जनवीसाचा टाइपरायटर

तहसीलच्या आवारात झाडाखाली, स्टुलावर. वर पावसासाठी प्लास्टिक. गोदरेजनं देशी टाइपरायटर 1955 मध्ये काढला, आणि माझ्या आठवणीतल्या कचेऱ्यांत त्याचाच खडखडाट होता.

अर्जनवीस आधी ऐकून घेई. माणूस मळणीपासून सुरू करून आजोबांच्या वाटणीपर्यंत जाई. मग तो तीनच प्रश्न विचारी: गट नंबर काय, कधीपासून, हवं काय? अर्ध्या तासाच्या गाऱ्हाण्याचा अर्ध्या पानाचा अर्ज होई. कधी तो कागद मशीनमधून काढून ठेवी आणि म्हणे, "भावाविरुद्ध आहे ना हे? दोन दिवसांनी या. तेव्हाही वाटलं तर टाइप करू."

फोनवरच्या अर्जात ताऱ्याची खूण असलेले रकाने असतात. ते भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि भरले की दोन दिवस थांब म्हणायला कुणी नसतं.

साखळी

मोजणीची. 66 फूट लांब, 100 कड्या. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. एकराचा शंभरावा भाग म्हणजे डिसमिल, म्हणजेच हजार चौरस कड्या. आमच्याकडच्या जुन्या खरेदीखतांत जमीन डिसमिलमध्येच लिहिलेली सापडते. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले, तरी म्हातारे मनात गुणाकार करून डिसमिलच बोलतात.

साखळी ओढायला दोन माणसं लागत आणि बघायला दोन्ही धुऱ्यांचे मालक. कडी ताणली की सैल राहिली, यावर वाद होई, आणि तो वाद तिथंच, चिखलात उभ्यानं मिटे. आताची मोजणी उपग्रहांवरून होते. हवेत काही ताणलेलं दिसत नाही. बरोबर असतं, पण ते बरोबर आहे हे पाहणाऱ्याला मान्य करावं लागतं, पाहता येत नाही.

पटवाऱ्याची पीक पाहणी

पटवारी हंगामात गावात येई, धुऱ्यावरून चाले आणि बाराव्या नमुन्यात पीक लिही. कधी धुऱ्यावरून, कधी चावडीतूनच. उन्हाळी धान लावलेल्या शेतात 'पड' लिहिलेलं लोकांनी पाहिलं आहे.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. आता कास्तकार आपलं पीक आपणच लिहितो. ॲपमध्ये गट नंबर निवडायचा, पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन भरायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा. फोन उपग्रहांकडून आपली जागा विचारून घेतो आणि ती फोटोला चिकटवतो. म्हणून घरी बसून फोटो चालत नाही. रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये थांबते आणि रेंज मिळाली की पुढं जाते. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी गावात सहायक नेमलेला असतो.

मागच्या भादव्यात शेजारच्या आजीबरोबर मी तिच्या बांधीत गेले. पाऊस नुकताच उघडला होता. धुरा निसरडा, धान गुडघ्याच्या वर, ओंब्या अजून पोटात. फोन आम्ही दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून नेलेला. पडद्यावर थेंब पडले की तो स्वतःच भलतीकडे जाई, म्हणून आजीनं पदर वर धरला आणि पदराखाली मी रकाने भरले. क्षेत्र विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सत्तर डिसमिल लिही." मी हेक्टरमध्ये केलं: शून्य दशांश अठ्ठावीस. फोटो काढला. तिनं फोन हातात घेतला, दूर धरला, डोळे बारीक केले.

"माहा धान दिसते काय त्याच्यात?"

"दिसते ना आजी. हा काय."

"अन् मी?"

फोटोच्या कडेला तिच्या पदराचं टोक आलं होतं. मी दाखवलं. तेवढ्यावर ती समाधानानं हसली. सातबाऱ्यावर चाळीस वर्षं तिच्या नवऱ्याचं नाव होतं. नोंद करायला ती स्वतः बांधीत उभी राहिली, ही पहिली वेळ. या फोननं जे नेलं त्याची मी यादी करते आहे, पण हे त्यानंच दिलं.

अंगठ्याचं पॅड

पत्र्याची चपटी डबी, निळ्या शाईचा फोम. अंगठा दाबायचा, कागदावर डावीकडून उजवीकडे लोळवायचा, मग केसांना पुसायचा. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या: अंगठा अमुक बाईचा, आमच्यासमोर केला.

आता अंगठा काचेवर. आधारशी जुळला तर पैसे मिळतात, पोस्टमन ओसरीवर येऊन देतो, म्हातारीला तालुक्याला जावं लागत नाही. पण रोवणीच्या महिन्यात बायकांची बोटं दिवसभर पाण्यात असतात. रेषा फुगतात, झिजतात. यंत्र म्हणतं, जुळत नाही. पुन्हा पुसायचं, पुन्हा दाबायचं, तेल लावून बघायचं. निळ्या पॅडवरचा पुसट अंगठाही चाले, कारण शेजारी दोन माणसं सांगत, ही तीच आहे.

अंगणवाडीची रजिस्टरं

वजन, हजेरी, लसीकरण, आहार, प्रत्येकाचं वेगळं रजिस्टर, खाकी पुठ्ठ्याचं. 2021 मध्ये ते सगळं पोषण ट्रॅकर ॲपमध्ये गेलं. त्याच वर्षी राज्यभरच्या सेविकांनी सरकारकडून मिळालेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं: फोन चालत नाहीत, ॲप मराठीत नाही. त्यांना फोन नको होता असं नाही. पोराचं वजन आपल्या भाषेत लिहायचं होतं.

'जेवणाची सुट्टी' ही पाटी

ओसरीच्या खुंटीला सुतळीनं टांगलेली. दुपारी एक ते दोन. तेवढा तास कुणी हाक मारत नसे. माझ्या फोनला ती लावता येत नाही.

पेटी आणि किल्ली

यादीतली शेवटची वस्तू माझ्या स्वतःच्या कामातली. पत्र्याची हिरवी पेटी, गटाच्या रोख रकमेची. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या. दोघी आल्याशिवाय पेटी उघडत नसे. दर आठवड्याला सतरंजीवर सगळ्या गोल बसत, पेटी मधे ठेवत, पैसे मोठ्यानं मोजत. हिशेब न येणारीलाही माहीत असे की पेटीत किती आहे, कारण तिनं ते ऐकलेलं असे.

ही यादी करताना एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. बऱ्याचशा वस्तू अशा निघाल्या की त्यांना दुसरं माणूस लागे. साखळीचं दुसरं टोक धरायला, कार्बनखालची प्रत घ्यायला, चिटोरा वाचून दाखवायला, अंगठ्याची साक्ष द्यायला, दुसऱ्या घरची किल्ली आणायला. फोनला एकच माणूस पुरतं. त्याची ताकद तीच, आणि माझी काळजीही तीच. आज गटाचे पैसे बँकेत आहेत, नोंदी माझ्या फोनमध्ये. मी आकडा चुकवला तर तो कुणाच्या कानावर पडणार नाही.

म्हणून गेल्या वर्षापासून मी एक रीत पाळते. बैठकीत फोन हातात धरत नाही. सतरंजीच्या मधोमध, जिथं पेटी असायची तिथं, उताणा ठेवते. एकेक नाव उघडते आणि मोठ्यानं वाचते: बचत इतकी, कर्ज इतकं, हप्ता आला, बाकी इतकी. जिचं नाव ती "बरोबर" म्हणते. मगच पुढचं नाव. सगळं झाल्यावर वहीत एक ओळ लिहितो, खाली सगळ्यांच्या सह्या.

परवा एका नावाशी दोनशेचा फरक निघाला. मी भरलेला आकडा चुकला होता. फोनमध्ये दुरुस्त केला. वहीत खाडाखोड केली नाही. खाली लिहिलं, "आकडा चुकला, दुरुस्त केला," आणि सही केली.